भाव आधी कोणी बोलायचा?

‘अल्बियन ऑनलाइन’ हा खेळ २०१७ साली संगणकावर आला आणि २०२१ मध्ये मोबाइलवर उतरला. त्यामुळे अकोला–वाशीम रस्त्यावरच्या मेडशीत, हातात बेताचा फोन आणि दिवसाचा नेटपॅक असलेल्या कुठल्याही पोराला तो आता खेळता येतो. चित्रं पाहिली तर तलवारी, ढाली, घोडे आणि किल्ले दिसतात. पण चार दिवस खेळलं की कळतं, हा बराचसा मालाचा आणि बाजाराचा खेळ आहे. जंगलात लाकूड तोडायचं, फळ्या पाडायच्या, फळ्यांचं धनुष्य करायचं, ते बाजारात विकायला लावायचं. बनवणारा खेळाडू आणि घेणाराही खेळाडूच. कंपनी ओटे बांधून देते आणि पावती फाडते, बस्स.

या बाजारातली रोजची रडकथा एकच. पोरगा रात्री दोनशे फळ्या भाव लावून ठेवतो आणि झोपतो. सकाळी उठून बघतो तर एकही विकली गेलेली नाही. त्याच्या भावापेक्षा एकेका नाण्यानं कमी भाव लावून त्याच्यापुढे दहा जण येऊन बसलेले असतात. ‘कापलं ना बे मले एका रुपयानं!’ असं तो शेजारच्याला म्हणतो. खेळाडूंच्या भाषेत याला अंडरकट करणं म्हणतात. त्याच घरातला बाप मोंढ्यावरून सोयाबीन विकून आला की त्याचीही तक्रार हीच असते: भाव पाडला. तक्रार एक असली तरी दोन बाजारांत भाव पडण्याची रीत अगदी उलटी आहे. पोराचा भाव त्याच्यासारखाच दुसरा विकणारा पाडतो. बापाचा भाव दुसरा शेतकरी पाडूच शकत नाही, कारण बापाला भाव बोलायचा अधिकारच नसतो. हा फरक नियमांतून येतो: भाव आधी कोणी बोलायचा, बोललेला बदलायला किती पडतं, आणि कोणाला थांबणं परवडतं.

आधी खेळातला बाजार पाहू, कारण तिथं नियम उघडे दिसतात आणि ते बदलले की काय होतं तेही महिन्याभरात दिसतं.

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांत प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि हजारो लोक एकाच काल्पनिक जगात वावरतात. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये खेळाडू आपल्या घराबाहेर नोकर उभा करून दुकान मांडत. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये तर सुरुवातीला बाजार असा नव्हताच. खेळाडूंनीच एक भुयार पसंत केलं. येण्याजाण्याच्या वाटेवरचं, शहराला जवळचं. तिथं उभं राहून जो तो ओरडायचा, म्हणजे टाइप करायचा: अमुक विकणे आहे, तमुक घेणे आहे. बाजार तिथंच भरवायचा हे कंपनीनं सांगितलं नव्हतं. दोन रस्ते मिळतात तिथं बाजार भरतो, ही गोष्ट माणसांना शिकवावी लागत नाही. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञानं २००१ मध्ये या खेळाचा अभ्यास करून त्या काल्पनिक देशाचं दरडोई उत्पन्न २,२६६ डॉलर काढलं आणि ते रशिया आणि बल्गेरियाच्या मधोमध बसतं असं दाखवलं. अर्थशास्त्राच्या वर्गात हसू पिकवणारा हा आकडा पुढे गांभीर्यानं घेतला गेला.

त्या भुयारात भाव कापणं अवघड होतं. माझा भाव ज्यानं ऐकला त्यालाच माहीत, आणि ऐकलेला माणूस पुढच्या मिनिटाला निघून गेलेला. २००१ च्या अखेरीस त्याच खेळात ‘बझार’ नावाची जागा आली. पात्र तिथं बसवून, संगणक रात्रभर चालू ठेवून माल विकता येऊ लागला, आणि घेणाऱ्याला सगळ्यांचे भाव एकाच यादीत शोधता येऊ लागले. यादी आली आणि तिच्यासोबत भाव कापणंही आलं. स्पर्धा वाढवायला म्हणून आणलेली सोयच विकणाऱ्यांच्या जिवावर उठते, हे पुढे प्रत्येक खेळात पुन्हा पुन्हा दिसलं.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. २००४ मध्ये आलेल्या या खेळातलं लिलावघर नावालाच लिलावघर. बोली लावायची सोय होती, पण बहुतेक माल ठरीव भावानंच उचलला जायचा. तिथलं चलन असं: शंभर तांब्याच्या नाण्यांचं एक चांदीचं, शंभर चांदीच्यांचं एक सोन्याचं. एखादी औषधी वनस्पती ५० सोन्याला लावलेली आहे असं धरा. दुसरा येतो आणि ५० सोन्याला एक तांबं कमी असा भाव लावतो. ५० सोनं म्हणजे पाच लाख तांबं, तेव्हा ही सूट पाच लाखांत एक झाली. ५,००० रुपये क्विंटलच्या सोयाबीनवर हिशेब केला तर क्विंटलमागे बरोबर एक पैसा. क्विंटलमागे एक पैसा सोडून कुणी गिऱ्हाईक मिळवल्याचं ऐकलंय? पण त्या यादीत मिळतं, कारण यादी स्वस्तापासून सुरू होते आणि घेणारा वरचं पहिलं उचलतो. एक तांबं देऊन विकणारा रांगेतला पहिला नंबर विकत घेतो. मालाच्या किमतीशी त्या तांब्याचा काही संबंध नाही. ही रांग मोडण्याची फी आहे, आणि ती इतकी क्षुल्लक आहे की न मोडणारा मूर्ख ठरतो.

मग पहिला परत येतो, आपला माल मागे घेतो, आणखी एक तांबं कमी करून पुन्हा लावतो. मागे घेतला की अनामत बुडते, पण ती बहुतेक मालावर नगण्य असते. विक्री झाली तर लिलावघर ५ टक्के कापतं, आणि ते तर झालेल्या सौद्यावर. म्हणजे मत बदलणं जवळपास फुकट. पुढे खेळाडूंनी असे जोडप्रोग्राम लिहिले की एक कळ दाबली की सगळा माल तपासून, रद्द करून, एकेक तांबं कमी भावानं पुन्हा लागायचा. ज्याला दिवसातून वीस वेळा लिलावघरात डोकावायला वेळ आहे तो जिंकायचा. ज्याला कामधंदा आहे, त्याचा माल पडून.

इथं खेळाडूंत दोन तट आहेत आणि त्यांचं भांडण वीस वर्षं चाललं आहे. एकेक नाण्यानं कापणाऱ्याला सगळे शिव्या देतात, पण खरा राग असतो एकदम वीस टक्क्यांनी भाव पाडणाऱ्यावर: यानं बाजार नासवला! माझं मत उलटं आहे. वीस टक्के सोडणारा स्वतःच्या खिशातून देतो आणि घेणाऱ्याला खरोखर स्वस्त माल मिळतो. त्याला घाई आहे, तो घाईची किंमत मोजतो. एका तांब्यानं कापणारा कोणालाच काही देत नाही. घेणाऱ्याला फायदा शून्य आणि आधी आलेल्याचा नंबर मात्र गेला.

हे दुखणं दोन कंपन्यांनी २०२० च्या सुरुवातीला, दोन महिन्यांच्या अंतरानं, दोन वेगळ्या टोकांनी धरलं. ‘वॉरक्राफ्ट’नं जानेवारीत लिलावघर नव्यानं बांधलं. भावातून तांबं काढून टाकलं, आणि ढिगानं विकल्या जाणाऱ्या मालासाठी नियम केला की भाव सारखा असेल तर शेवटी आलेल्याचा माल आधी विकायचा. आपल्या डोक्याला हे अन्यायाचं वाटतं. शेअर बाजारात भाव सारखा असेल तर आधी आलेला आधी, आणि रेशनच्या रांगेतही तेच. पण परिणाम बघा. शेवटी येणाऱ्याला नंबर आपोआप मिळतो, मग त्यानं भाव कापायचाच कशाला? तोच भाव लावला की काम होतं.

दुसरी कंपनी आइसलंडची, आणि तिचा २००३ चा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातला खेळ. इथला बाजार खराखुरा आहे. विक्रीचे भाव एका बाजूला, खरेदीचे दुसऱ्या बाजूला, मध्ये दोघांतलं अंतर. जिता नावाच्या ताऱ्याभोवतीच्या एका स्थानकावर या जगातला बहुतांश व्यापार एकवटलेला आहे, आणि तोही खेळाडूंनीच एकवटला. २००७ मध्ये कंपनीनं या बाजारावर नजर ठेवायला एयोल्फुर गुडमुंडसन नावाचा अर्थशास्त्रज्ञच नोकरीला ठेवला. एखाद्या खेळाला रिझर्व्ह बँकेसारखे अहवाल काढावे लागावेत, ही त्या काळी बातमीच होती. तर या खेळात भाव ०.०१ नं कापत. दहा कोटींच्या जहाजावर एक पैसा. दर पाच मिनिटांनी भाव बदलायची मुभा होती, म्हणून धंदेवाले खेळाडू पाच-पाच मिनिटांनी एक पैसा कमी करत बसलेले असायचे. मार्च २०२० मध्ये कंपनीनं नियम केला की भावातले पहिले चार अंकच बदलता येतील, पुढे शून्यं. १२,३५,००० च्या मालाला कापायचं तर १२,३४,००० वर यावं लागेल, म्हणजे हजार सोडावे लागतील. शिवाय लावलेला भाव बदलायचा तर दर वेळी दलाली. कापायचं तर काप, पण खिशातून काढून काप.

दोन्ही उपायांत कापणाऱ्याला कुणी नीतीचे धडे दिलेले नाहीत. फक्त कापण्याचा खर्च आणि कापून मिळणारा नंबर, या दोन गोष्टी हलवल्या.

पण नियम कितीही नेटका असो, भाव खाली ओढणारं एक कारण खेळाडूच्या डोक्यात असतं. ‘ईव्ह’मध्ये लघुग्रहांवरून धातू खणतात आणि त्याची जहाजं बांधून विकतात. नवखा खेळाडू हिशेब असा मांडतो: धातू मी स्वतः खणला, म्हणजे तो फुकट, म्हणून मिळेल तो भाव नफाच. जुने खेळाडू यावर कायम हसतात. अरे, तोच धातू जसाच्या तसा विकला असतास तर जहाजापेक्षा जास्त पैसे आले असते! त्यानं जहाज नफ्यात विकलेलं नसतं, आपली सगळी रात्र घेणाऱ्याला भेट दिलेली असते. आणि असे शेकडो नवखे एकाच यादीत असले की जहाजाचा भाव धातूच्या खर्चाखाली जातो आणि तिथंच राहतो.

सोयाबीनच्या गावाला हा हिशेब नवा नाही. घरचे बैल, घरचं शेणखत, घरची माणसं, मग खर्च काय आला, बियाणं-खताचा! केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादनखर्च तीन पायऱ्यांनी मोजतो. ए-२ मध्ये फक्त खिशातून गेलेला पैसा. त्यात घरच्यांच्या मजुरीची किंमत मिळवली की ए-२ अधिक एफएल. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड, भांडवलाचं व्याज धरलं की सी-२. हमीभाव ए-२ अधिक एफएलच्या दीडपट असं सरकार म्हणतं, आणि शेतकरी संघटनांची मागणी सी-२ च्या दीडपटीची आहे. खेळातला नवखा ए-२ वरच थांबलेला असतो. फरक इतकाच की तो हौसेनं थांबतो.

आता मोंढा. मेडशीच्या माणसाला मालाप्रमाणे आणि गाडीभाड्याप्रमाणे मालेगाव, वाशीम, नाहीतर थेट अकोला असे पर्याय असतात. कुठंही गेला तरी चित्र एकच. पोती उघडून ढीग लावायचा. व्यापाऱ्यांचा घोळका ढिगापाशी येतो. एक जण मूठभर सोयाबीन उचलतो, तळहातावर पसरतो, फुंकर मारून काडीकचरा उडवतो, एक दाणा दाताखाली धरून चावतो. कटकन फुटला तर वाळलेला, दबला तर ओला. मग हर्रास सुरू. पहिला आकडा व्यापारी किंवा अडत्याचा माणूस बोलतो, पुढचा त्याच्यावर दहा-वीस रुपये चढवतो. थांबला की चिठ्ठी फाटली. मग काटा, मापारी, हमाली. या सगळ्यात ज्याचा माल, त्यानं एकही आकडा बोललेला नसतो. त्याच्या हातात एकच उत्तर असतं: देतो किंवा देत नाही, आणि ‘देत नाही’ म्हणायचं तर पोती पुन्हा भरून गाडीभाडं अंगावर घेऊन घरी न्यायची.

इथं विकणाऱ्यानं विकणाऱ्याला कापायचा प्रश्नच नाही. शेजारचा ढीग शंभर रुपये कमी मागूच शकत नाही. भाव चढतो तो घेणाऱ्यांच्या चुरशीनं, आणि पडतो तो चुरस न झाल्यानं. चुरस झाली नाही तर आवक खरंच जास्त आहे, का घेणाऱ्यांचं आधीच ठरलंय, हे ढिगाशी उभ्या माणसाला कळायला मार्ग नसतो.

या उघड हर्रासीचा जन्म कुठं झाला हे वाशीम जिल्ह्याच्या माणसाला ठाऊक असावं, पण क्वचित असतं. देशातला पहिला नियंत्रित बाजार याच जिल्ह्यातल्या कारंज्याचा. १८८६ साली, कापसासाठी, हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानं. वऱ्हाड तेव्हा निजामाचं, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, आणि इंग्रजांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी भेसळ नसलेला कापूस बेताच्या भावात हवा होता. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. दलाल, मापारी यांना परवाने आले, वजनमापांवर देखरेख आली. समितीत व्यापारी होते, शेतकरी नव्हता. कायदा शेतकऱ्याच्या कळवळ्यानं झाला असं पुस्तकात वाचलं की ही बाब बाजूला राहते. तरी एक गोष्ट त्या व्यवस्थेतून पुढे आलीच: भाव चार लोकांसमोर, ऐकू येईल असा बोलायचा.

कारण त्याआधीची, आणि नंतरही अनेक बाजारांत लपून टिकलेली रीत रुमालाखालची होती. व्यापारी आणि अडत्या हातावर कापड टाकत आणि बोटं धरून, दाबून आकडा सांगत. समोर उभ्या शेतकऱ्याला हात हलताना दिसत, आकडा दिसत नसे. गंमत म्हणजे हीच रीत जपानी खेळाडूंनी २००२ पासून पडद्यावर पाहिली. ‘फायनल फँटसी ११’च्या लिलावघरात विकणारा भाव लावतो, पण तो घेणाऱ्याला दिसत नाही. घेणाऱ्यानं अंदाजानं आकडा टाकायचा. लावलेल्या भावाइतका किंवा वर असला तर माल त्याचा, आणि पैसे त्यानं टाकलेल्या आकड्याइतके जातात. दिसतात ते फक्त मागचे झालेले सौदे. या रुमालाखाली एक तांबं कापण्याची चाल चालत नाही, कारण कापायचं कशाच्या खाली तेच कळत नाही. म्हणजे गुप्ततेनं खेळातल्या विकणाऱ्याचं रक्षण केलं, आणि मोंढ्यावरच्या विकणाऱ्याला तीच गुप्तता बुडवत होती. कारण साधं आहे. खेळात गुपित विकणाऱ्याकडे होतं, मोंढ्यावर घेणाऱ्याकडे.

मग सरकारनं किंवा कंपनीनं सरळ भावच बांधून दिला तर? हाही प्रयोग झालेला आहे. ‘रूनस्केप’ या इंग्लंडमधल्या खेळानं नोव्हेंबर २००७ मध्ये ‘ग्रँड एक्स्चेंज’ उघडलं आणि प्रत्येक वस्तूला एक मार्गदर्शक भाव दिला. त्याच्या ५ टक्के वर किंवा ५ टक्के खाली, एवढ्याच पट्ट्यात सौदा. थोड्याच काळात पट्टा आणि खरा भाव यांची फारकत झाली. मागणी असलेला माल बांधलेल्या भावात मिळेना. मग खेळाडू बाहेर समोरासमोर सौदे करू लागले, आणि फरक भरून काढायला कुणाला नको असलेला भंगार माल त्या भंगाराच्या ‘अधिकृत’ किमतीत बरोबर देऊ लागले. कागदावर सौदा नियमात, प्रत्यक्षात भाव वेगळा. २०११ च्या फेब्रुवारीत पट्टा काढून टाकला.

हमीभावाचं दुखणं याच्या उलट बाजूचं. २०२४-२५ हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यावर त्याच्या बऱ्याच खाली सौदे होत होते. आकडा बांधणं सोपं असतं. त्या आकड्यावर उभा राहून माल उचलणारा लागतो. सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, ही अट आधी होती. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली, तोवर गरजवंतांचा माल विकून झालेला होता. खेळातल्या बांधलेल्या भावाला माल मिळत नव्हता, इथल्या बांधलेल्या भावाला गिऱ्हाईक.

भाव कापत कापत शून्यावर का जात नाही, याचं उत्तरही जुनं आहे. ज्या १८९७ साली वऱ्हाडचा कायदा झाला, त्याच साली एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं दोन विक्रेत्यांचं गणित मांडलं. दोघे एकमेकांना थोडं थोडं कापत खाली येतात. तळाशी पोचल्यावर एकाला वाटतं, या भावात विकण्यापेक्षा दुसऱ्याचा माल संपू दे, मी वर जाऊन उभा राहतो. तो भाव एकदम चढवतो, दुसरा त्याच्या जरा खाली येऊन बसतो, आणि उतरण पुन्हा सुरू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात पेट्रोलचे भाव असेच चक्रानं चढतात-उतरतात. खेळात ही उडी बहुधा एक धाडसी खेळाडू मारतो. खालचा सगळा स्वस्त माल एकगठ्ठा विकत घेतो आणि दुप्पट भावानं पुन्हा लावतो. याला ते ‘रिसेट’ म्हणतात. जमलं तर रात्रीत मालामाल. पण वरचा भाव दिसला की लोकांच्या पेट्यांत वर्षभर पडलेला माल बाहेर येतो, आणि साठा करणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

आणि कधी या सगळ्या चढउताराला वरून एकच धक्का पुरतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन काही बाजार समित्यांत १०,००० च्या घरात गेलं होतं. केंद्रानं १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीची आयात करायला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल यायची वेळ झाली, आणि दिवाळीच्या आत भाव निम्म्यावर. डिसेंबरात सेबीनं सोयाबीनचे वायदेही थांबवले. खेळाडू हे चटकन ओळखतील. कंपनी नवा पॅच आणते, एखादी वस्तू सोपी करते, आणि ज्यानं ती साठवली तो बसतो कपाळाला हात लावून. फक्त खेळात पॅचची सूचना आधी येते.

पुन्हा ‘अल्बियन’कडे येऊ, कारण तिथं एक नियम असा आहे जो मेडशीच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ‘अल्बियन’मध्ये सगळ्या जगाचा एक बाजार नाही. प्रत्येक शहराचा बाजार वेगळा आणि माल आपोआप इकडून तिकडे जात नाही. जंगल लिमहर्स्टभोवती, पण फळ्या पाडायला फोर्ट स्टर्लिंगमध्ये सवलत. मग लाकूड बैलावर लादून न्यायचं. कॅरलिऑनला भाव चांगला मिळतो, पण तिथं जायची वाट लाल भागातून, आणि तिथं कुणी गाठून मारलं की बैल आणि माल दोन्ही गेले. त्यामुळे दोन शहरांच्या भावात नेहमी फरक राहतो, आणि एका शहरातल्या कापाकापीनं सगळीकडचा भाव पडत नाही. भाव कापण्याला वाटेचा धोका हा सगळ्यात जुना अडसर. आपल्याकडे सोयाबीन पिकतं वाशिमात आणि तेलाचे मोठे कारखाने लातूरकडे. लातूरचा भाव मोबाइलवर दिसतो, पण आठ पोत्यांसाठी तिकडे गाडी कोण नेणार? २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या ई-नाम या शेतमालाच्या ऑनलाइन बाजारानं पडदा सगळ्यांना दाखवला. पण दाण्याचा ओलावा पडद्यावर चावून बघता येत नाही, म्हणून दूरचा व्यापारी न पाहिलेल्या ढिगावर बिनधास्त बोली लावत नाही.

अडसर सगळेच काढून टाकले तर काय होतं तेही एका खेळानं दाखवलं. २०१२ च्या ‘डायब्लो ३’मध्ये कंपनीनं खऱ्या डॉलरांतही व्यवहार चालणारं लिलावघर उघडलं. ना वाट, ना ओझं, ना ओरडणं. राक्षस मारून हत्यार मिळवण्यापेक्षा लिलावघरातून उचलणं इतकं सोपं आणि इतकं स्वस्त झालं की लोकांनी राक्षस मारणंच सोडलं. १८ मार्च २०१४ रोजी कंपनीनं ते कायमचं बंद केलं. खेळाला वाचवायला बाजार बंद करता येतो, ही चैन खेळालाच परवडते.

राहिला थांबण्याचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथं आहे. खेळातल्या पेटीत ठेवलेलं लाकूड कुजत नाही, त्याला भाडं नाही, आणि पोराच्या डोक्यावर त्या लाकडाचं कर्ज नाही. भाव पडला तर तो फोन खिशात घालतो. ज्याला थांबवत नाही तो खेळाडू खरेदीच्या मागणीवर, म्हणजे घेणाऱ्यानं लावलेल्या कमी भावावर, माल टाकून मोकळा होतो. खेळाडू त्याला अधीर म्हणतात. बापाला अधीर म्हणता येणार नाही. ऑक्टोबरात त्याच्यापुढे दिवाळी आहे, हरभऱ्याची पेरणी आहे, कृषी केंद्रातली उधारी आहे. दसऱ्यानंतर मोंढ्यावर पोत्यांची थप्पी लागते ती याच एका कारणानं, आणि हे व्यापाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

यावर राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवायचं, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज उचलायचं, ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस. ऑक्टोबरात ठेवलेल्या मालाला ती एप्रिलपर्यंत पुरते. उचललेल्या पैशात पेरणी निघते आणि विकायचा दिवस आपल्या हाती राहतो. त्यासाठी आपल्या समितीकडे गोदाम हवं, त्यात जागा शिल्लक हवी, समितीनं योजना चालवायला घेतलेली हवी, आणि माल वाळवून, चाळून न्यायला घरी आठवडाभराची उसंत हवी. मेडशीहून जाताना गाडीभाडं एकदाच लागतं, पण आधी फोन करून गोदामाची चौकशी केलेली बरी.